निराधार बालकांचें दप्तर : एक परीक्षण

मोडी कागदाचा तुकडा दिसला, मग तो तुपाच्या हिशेबाचा कां असेना, कीं तो उचलून पिशवींत घालण्याची संवय आपल्या मंडळींस आहे. ती चांगली आहे. तिच्यामुळेंच महाराष्ट्राचें पुष्कळ दप्तर वाण्याच्या पुड्यांपासून वांचलें. परंतु कागदांची एक जात अशी आहे कीं, तिला आपण आजवर साधन म्हणून गणलें नाहीं, आणि आतां गणूं लागलों तर गणण्याची रीतच बदलावी लागेल. अनाथ, टाकलेलीं, हरवलेलीं अथवा गुन्ह्यांत सांपडलेलीं मुलें सरकारनें किंवा धर्मादाय संस्थांनीं ताब्यांत घेतलीं म्हणजे त्यांच्याविषयीं जे कागद होतात त्यांची ही जात. भरतीचीं बुकें, चौकशीचे अहवाल, न्यायाधिशांचे हुकूम, वयाचे दाखले, आईनें मूल स्वाधीन करतांना लिहून दिलेलीं पत्रें, हे सर्व तींत येतें. मुंबईंत असले कागद १८५० पासून आजतागायत होत आले आहेत. ह्या दप्तराचें परीक्षण, एखाद्या ग्रंथाचें करावें त्याप्रमाणें, येथें करावयाचें आहे. तें कोणीं लिहिलें, कोणाच्या सोयीसाठीं लिहिलें, त्यांत कोणते शब्द येतात, आणि तें आहे कोणाचें, हे चार प्रश्न. चौथा सर्वांत अवघड. त्याच्यासाठींच बाकीचे तीन विचारावयाचे.

शब्दांपासून आरंभ करणें आम्हांस सोयीचें पडतें. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील सहावा अपविद्ध. म्हणजे आईबापांनीं, किंवा त्यांपैकीं एकानें, टाकून दिलेला व दुसऱ्यानें उचलून आपला केलेला. अकरावा स्वयंदत्त, मातापिता वारल्यामुळें अथवा त्यांनीं विनाकारण टाकल्यामुळें जो आपणच आपणांस दुसऱ्याच्या स्वाधीन करतो तो. आजच्या भाषेंत पहिला सांपडलेला अर्भक आणि दुसरा आसरा शोधीत आलेला पोरका. ह्यांतही अपविद्धास मनूनें पहिल्या षट्कांत घातलें आहे, म्हणजे तो बांधव आणि दायाद दोन्ही. स्वयंदत्त दुसऱ्या षट्कांत, केवळ बांधव. ही यादी प्रत्यक्ष व्यवहारांत कितपत चालली हा प्रश्न निराळा. आमचा मुद्दा एवढाच कीं, टाकलेल्या मुलास स्मृतींत नांव होतें, आणि त्या नांवाबरोबर घरांत एक जागा होती.

ही जागा पुढें गेली. कलिवर्ज्य प्रकरणांत औरस व दत्तक सोडून बाकीचे पुत्र कलियुगांत निषिद्ध ठरले. त्यावर दत्तकमीमांसा व दत्तकचंद्रिका ह्या दोन निबंधांनीं दत्तकाचा विधि असा बांधून टाकला कीं, देणारा हा त्याचा मुख्य खांब होऊन बसला. सदर्लंडनें १८२१ सालीं कलकत्त्यास ह्या दोन ग्रंथांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यावर तेच न्यायाधिशांच्या मेजावर आले. मूल देण्याचा अधिकार बापास, त्याच्या मागें आईस. अन्य कोणास नाहीं. तेव्हां ज्याला आई नाहीं व बाप नाहीं त्याला देणार कोण? देणारा नाहीं म्हणून घेणाऱ्याचा उपयोग नाहीं. रूढीचा पुरावा असेल तो अपवाद सोडला तर पोरक्या मुलास हिंदु कायद्यानें दत्तक घेतां येत नसे. म्हणजे ज्यास घराची गरज सर्वांत अधिक त्यासच घर मिळूं नये, अशी ही व्यवस्था होती. गिरगांवांत राहून ज्यांनीं धर्मशास्त्राचा समग्र इतिहास लिहिला त्या म. म. पांडुरंग वामन काणे ह्यांच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडांत (१९४६) पुत्रप्रकारांचें व कलिवर्ज्यांचें सविस्तर विवेचन आहे; जिज्ञासूंनीं तें मुळांतच पाहावें.

राजाच्या कर्तव्याविषयींही असेंच. मनूच्या आठव्या अध्यायांत बालकाला वारशानें आलेलें धन तें वयांत येईपर्यंत राजानें राखावें असें आहे. धनावर चौकी आहे; ज्यास धनच नाहीं त्या पोराविषयीं तेथें शब्द नाहीं. कौटिल्यानें मात्र जनपदनिवेशाच्या प्रकरणांत अनाथ बालकांचें पोषण राजावर स्पष्ट घातलें आहे. परंतु अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरास शामशास्त्र्यांच्या हातीं पडून १९०९ सालीं छापून निघेपर्यंत हें वचन विद्वानांच्या दृष्टीआड होतें. एकोणिसाव्या शतकांत मुंबईचे शास्त्री व इंग्रज अंमलदार अनाथांविषयीं वाद घालीत असतां ही पोथी ताडपत्रांत मिटलेली होती. पोथ्या वेळेवर हातीं येण्याचें महत्त्व आपल्या वाचकांस सांगावयास नको.

ह्याचा परिणाम आपल्याकडील संस्थांवर कसा झाला तें पाहण्याजोगें आहे. जोतीराव फुल्यांनीं १८६३ सालीं पुण्यास बालहत्याप्रतिबंधकगृह काढलें; त्यांत जन्मलेल्या यशवंतास फुले दांपत्यानें आपला पुत्र मानलें. पंढरपुरास १८७५ सालीं लालशंकर उमियाशंकर ह्यांनीं तसेंच गृह व अनाथालय सुरू केलें, तें पुढें गिरगांवच्या प्रार्थनासमाजाच्या देखरेखीखालीं आलें आणि वासुदेव बाबाजी नवरंगे ह्यांच्या नांवानें चाललें. ह्या गृहांतील मुलें वांचलीं, वाढलीं, शिकलीं. पण त्यांचें कायद्यानें कोणी व्हावें ही वाट बंद होती. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें पालकास न्यायालयाच्या परवानगीनें मूल देण्याचा अधिकार दिला, तोही मातापिता वारले, संन्यस्त झाले किंवा वेडे ठरले अशाच मुलांपुरता. टाकलेल्या व ज्यांच्या आईबापांचा पत्ता नाहीं अशा मुलांचा समावेश व्हावयास १९६२ ची दुरुस्ती यावी लागली. पारशी, ख्रिस्ती व मुसलमान घरांस तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालीं नुसतें पालकत्व मिळे. बाल न्यायाच्या २००० सालच्या कायद्यानें सर्व धर्मांच्या लोकांस दत्तकाचें द्वार उघडलें. मनूचा अपविद्ध घरीं परत यावयास इतका काळ लागला. सनातनी मंडळी ह्या सुधारणेस परकी म्हणतात व सुधारक तिला अपूर्व म्हणतात. दोघांनींही नवव्या अध्यायाचें ते श्लोक एकदां वाचावेत.

आतां मुंबईच्या कागदांकडे वळूं. १८५० सालीं दोन गोष्टी घडल्या. उमेदवारीचा कायदा (१८५० चा १९ वा) झाला, आणि बाँबे टाइम्सचे संपादक डॉक्टर बुइस्ट ह्यांनीं मुंबईंत उद्योगशाळा काढली. कायद्यानें दहा ते अठरा वर्षांचें मूल एखाद्या कारागिराकडे सात वर्षांपर्यंत करारानें बांधून देतां येई. पोरक्याच्या किंवा किरकोळ गुन्ह्यांत सांपडलेल्याच्या बाबतींत बापाच्या जागीं मॅजिस्ट्रेट सही करी. उद्योगशाळेस पुढें ससून घराण्याचा आश्रय मिळाला व १८५७ पासून ती डेव्हिड ससून ह्यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. ती आज माटुंगा-माहीमच्या बाजूस आहे. ह्या आरंभींच पुढील सर्व घोंटाळ्याचें मूळ आहे. ज्यानें चोरी केली तें मूल आणि ज्याला कोणी नाहीं तें मूल, दोघांसाठीं एकच करारनामा, एकच छप्पर, एकच बुक. १८७६ व १८९७ च्या सुधारशाळांच्या कायद्यांनीं गुन्हेगार मुलांची तेवढी वेगळी व्यवस्था केली. १८९७ च्या कायद्याची व्याख्या तर मुलग्यांपुरतीच आहे. मुलगी त्या व्याख्येंतच नाहीं. अशा बुकांत मुलींचीं नांवें नाहींत म्हणून त्या काळच्या मुंबईंत मुली निराधार नव्हत्या असें अनुमान उद्यां कोणी काढील, म्हणून हें येथेंच नोंदून ठेवतों.

अनुमानांचा विषय निघाला आहे तर आणखी एक. जुन्या यादींत उकिरडा, केरू, धोंडू, भिकू अशीं नांवें दिसलीं कीं नवशिका संशोधक त्यांस टाकलेलीं मुलें समजतो. तें चूक. आधींचीं भावंडें दगावलीं म्हणजे मागाहून झालेल्या मुलास दृष्ट लागूं नये म्हणून आईबाप अशीं नांवें मुद्दाम ठेवीत. तीं नांवें मायेचीं आहेत. उलट संस्थेच्या बुकांतील सुंदर नांव हें पुष्कळदां कारकुनानें किंवा दाईनें भरतीच्या दिवशीं दिलेलें असतें. नांवावरून मूळ काढण्याचा आपला नेहमींचा मार्ग ह्या दप्तरांत उलटा पडतो.

परळ-लालबागच्या गिरण्यांनीं ह्या दप्तराला एक निराळेंच प्रकरण जोडलें: वयाचा दाखला. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलास मनाई केली व सात ते बारा वर्षांच्या मुलास नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ सालीं हें नऊ ते चौदा वर्षें व सात तास असें झालें. १९२२ सालीं बारा ते पंधरा वर्षें व सहा तास. मर्यादा वयावर, आणि वयाचा कागद कोणाजवळच नाहीं. तेव्हां डॉक्टरानें मुलाचे दांत पाहावे व दाखला द्यावा, अशी रीत पडली. दाखला नांवावर असे, तोंडावर नसे; म्हणून एकच मूल दोन नांवांचे दोन दाखले घेऊन एकाच दिवशीं दोन गिरण्यांत राबे. हीं दोन्ही नांवें दप्तरांत खरीं आहेत, आणि मूल एकच. कागदाच्या खरेपणाची ह्याहून कठीण कसोटी आम्हांस सनदा-फर्मानांच्या अभ्यासांत आढळली नाहीं. हा प्रश्न संपला असें कोणी समजूं नये. बाल न्यायाच्या चालू कायद्यांत वय ठरविण्यासाठीं आधीं शाळेचा दाखला अथवा शालान्त प्रमाणपत्र, तें नसल्यास नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसल्यास हाडांची वैद्यकीय तपासणी, असा क्रम आहे. फुटपाथवर जन्मलेल्या मुलाजवळ पहिले दोन नसतात. दांतांच्या जागीं हाडें आलीं, एवढेंच. आणि ह्या तपासणींत वर्षा दोन वर्षांचा फरक सहज पडतो, तर सोळा व अठरा ह्या दोन आंकड्यांवर मुलाचें सारें पुढलें आयुष्य टांगलेलें असतें.

येथें एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. गिरणगांवांतील बहुतेक पोरक्या मुलांचा सांभाळ कोणत्याही कागदावर आलेला नाहीं. चाळीच्या एका खोलींत एकाच गांवचे दहा-पंधरा गडी राहत, खानावळीवाली बाई त्यांचें रांधी, आणि एखादा कामगार वारला तर त्याच्या मुलास गांवकी नाहीं तर भाऊबंदकी पोसून काढी. ह्याची नोंद कोण ठेवणार? दप्तरांत जीं मुलें दिसतात तीं ह्या जाळ्यांतून खालीं पडलेलीं. म्हणून ह्या कागदांवरून मराठी समाजाच्या ममतेचें माप काढणें हें इस्पितळाच्या बुकावरून गांवाचें आरोग्य ठरविण्यासारखें आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक मिटल्या, आणि ज्या चाळींवर हें जाळें ताणलेलें होतें त्याही पडूं लागल्या. तेव्हांपासून ह्या भागांतील मुलास शेजाऱ्याच्या हाताऐवजीं सरकारच्या कागदाचा आधार अधिकाधिक घ्यावा लागतो, आणि म्हणूनच तो कागद कसा लिहिला जातो ह्याला पूर्वीपेक्षां अधिक महत्त्व आलें आहे.

मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ सालचा. मद्रास (१९२०) व बंगाल (१९२२) ह्यांच्या मागोमाग तो झाला. त्याच्या अंमलासाठीं १९२७ सालीं चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि डोंगरीस उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या जागेंत मुलांचें गृह आलें. हाच तो डोंगरीचा तुरुंग, जेथें कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं टिळक व आगरकर होते आणि ज्यावर आगरकरांनीं 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' हें पुस्तक लिहिलें. तें पुस्तक आपण सर्वांनीं वाचलेलें आहे. त्याच भिंतींच्या आंत गेल्या शंभर वर्षांत जीं मुलें राहून गेलीं त्यांतील कित्येकांनीं एकशें एक दिवसांहून अधिक काळ तेथें काढला. पण दप्तर आहे तें त्यांनीं लिहिलेलें नाहीं, त्यांच्याविषयीं इतरांनीं लिहिलेलें आहे. आगरकरांस लेखणी होती, भाषा होती आणि बाहेर वाट पाहणारा वाचक होता. आम्ही ह्या दप्तरास एकपक्षी म्हणतों तें ह्या अर्थानें. शत्रूच्या बखरीवरून एखाद्या सरदाराचें चरित्र लिहावें लागलें तर आपण जितके सावध राहतों तितकेंच येथें राहिलें पाहिजे. कागद लिहिणारा शत्रु नसला तरी तो धनी होता.

जागा बदलली तरी नांव लवकर बदलत नाहीं. कायद्यांत पुढें निरीक्षणगृह व बालगृह असे शब्द आले; लोक अजून रिमांड होमच म्हणतात. सरकारी मराठींत अभिक्षणगृह हा शब्दही चालला. परिविक्षा अधिकारी असें फलकांवर लिहितात. वि व ईक्ष् मिळून दीर्घ ई झाली पाहिजे, परिवीक्षा हें शुद्ध. ही कुरबूर जुन्या पंतोजीची म्हणून कोणी सोडून दिली तरी चालेल. परंतु पुढला शब्द सोडण्याजोगा नाहीं.

बाल न्यायाच्या १९८६ च्या कायद्यानें देशभर एक व्यवस्था आणली. मुलग्यांस सोळा व मुलींस अठरा अशी वयोमर्यादा त्यांत होती. त्याच सुमारास शीला बर्वे नव्हे, शीला बारसे ह्या मुंबईच्या पत्रकर्तीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें मुलांस तुरुंगांत ठेवण्याविरुद्ध आदेश दिले. (बर्वे व बारसे हीं नांवें लिहितांना उलटसुलट होतात, म्हणून हा खुलासा.) २००० च्या कायद्यानें अठरा ही मर्यादा सर्वांस केली, आणि गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाचें नांव बदललें. मराठींत त्यासाठीं विधिसंघर्षग्रस्त बालक हा शब्द योजला. शब्द लांब आहे, पण ज्यानें केला त्यानें विचारानें केला. ग्रस्त म्हणजे गिळलेला; रोगग्रस्त, ऋणग्रस्त, पूरग्रस्त. गिळणारा निराळा आणि गिळला जाणारा निराळा. मूल येथें सोसणारें आहे. वर्तमानपत्रांत मात्र विधिसंघर्षित असें रूप सर्रास छापून येतें. तारकादि गणाप्रमाणें इतच् प्रत्यय लावून तें कसेंबसें साधतां येईल; पण मग अर्थ फिरतो. पुष्पित म्हणजे ज्याला फुलें आलीं तो, तसा संघर्षित म्हणजे ज्याच्यांत संघर्ष उपजला तो. एका प्रत्ययानें दोष पुरांतून काढून बुडणाऱ्याच्या माथीं बसविला. २०१५ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत जीं मूलतत्त्वें आहेत त्यांत मुलाविषयीं आरोप करणारे व कलंक लावणारे शब्द वापरूं नयेत असें एक तत्त्व स्वतंत्रपणें दिलें आहे. असें तत्त्व कायद्यांत यावें ह्याचा व्याकरण शिकविणाऱ्यास आनंद होतो. त्याचें पालन प्रत्ययापासून सुरू व्हावें एवढेंच म्हणणें. कचेऱ्यांतून तर ह्याही शब्दास रजा आहे. तेथें एक मूल सीसीएल आणि दुसरें सीएनसीपी. पहिलें आरोपाचें, दुसरें काळजी व संरक्षणाची गरज असलेलें. १८५० चें एकच बुक फाडून दोन केलीं हें योग्य झालें; पण घरांतून मार खाऊन पळालेला व भुकेनें पाव चोरलेला पोर कोणत्या बुकांत जावयाचा हें बहुधा तो पोलिसाच्या हातीं आधीं लागला कीं समाजसेवकाच्या, ह्यावर ठरतें.

कायद्याच्या रचनेंत आज दोष काढावा असें फार थोडें आहे. प्रत्येक जिल्ह्यांत बालकल्याण समिति, एक अध्यक्ष व चार सभासद, त्यांस मॅजिस्ट्रेटचा अधिकार. चौकशी चार महिन्यांत पुरी व्हावी. आईनें मूल स्वाधीन केलें तर तिला फेरविचारास साठ दिवस. संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय. ग्रंथ चांगला आहे, प्रत भ्रष्ट आहे. ९ फेब्रुवारी २०१८ ला संपूर्णा बेहुरा प्रकरणाच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयास समित्यांतील व मंडळांतील जागा भरा, बैठका वेळेवर घ्या, हेंच पुन्हां सांगावें लागलें. जागा रिकामी असली म्हणजे चार महिन्यांची मुदत कोण पाळणार? आणि एका अधिकाऱ्याच्या माथीं झेपणार नाहींत इतकीं मुलें आलीं म्हणजे सामाजिक चौकशीचा अहवाल हा नकलाकाराच्या पोथीसारखा होणार, हें लेखनिकांचा स्वभाव जाणणाऱ्यास सांगावयास नको. थकलेला नकलाकार वरल्या ओळीवरून खालच्या ओळीवर घसरतो व मधला मजकूर गळतो. पोथींत गळलेला श्लोक दुसऱ्या प्रतीवरून भरतां येतो. मुलाच्या कागदांत गळलेली मामाची किंवा मावशीची ओळ दुसऱ्या कोणत्याच प्रतींत नसते, आणि ती गळली म्हणजे जें मूल परळास मावशीकडे राहूं शकलें असतें तें संस्थेंत राहतें. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना अशाच नातलगांसाठीं आहे. २०२३ पासून तिचें साहाय्य दरमहा २,२५० रुपये झालें. मुंबईंत एका मुलाचा महिन्याचा खर्च ठाऊक असलेल्यांनीं ह्या आंकड्याचा विचार स्वतःच करावा.

अठरावें वर्ष पुरें झालें कीं मूल बाहेर. त्यापुढें एकविसाव्या वर्षापर्यंतच्या साहाय्यास मराठींत अनुरक्षण म्हणतात. मागून जाऊन राखणें असा त्याचा अर्थ, आणि ह्या सर्व परिभाषेंत आम्हांस तोच शब्द अधिक आवडतो. शब्दाइतकी सोय मोठी नाहीं. ह्या वयांत संस्थेंतून निघालेल्या मुलापुढें पहिला अडथळा कागदाचाच असतो: बापाचें नांव, गांव, जात, पत्ता, हे रकाने. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें अनाथांस नोकऱ्यांत व शिक्षणांत एक टक्का आरक्षण दिलें. त्यासाठीं अनाथ प्रमाणपत्र लागतें, आणि तें मिळवितांना त्या वेळीं आईबापांचा, नातलगांचा, गांवाचा, जातीचा पत्ता नाहीं हें दाखवावें लागे. एरवीं अपुरा म्हणून जो कागद परत येई त्याचाच रिकामा रकाना तेव्हां पुरावा झाला. आरक्षणाचें आम्ही स्वागत करतों. पण रकाना खरोखर रिकामा होता कीं भरणाऱ्याच्या आळसानें रिकामा राहिला, ह्यावर एका तरुणाचा हक्क अवलंबून राहिला, हें लक्षांत घेतलें पाहिजे.

येथवर आल्यावर चौथा प्रश्न टाळतां येत नाहीं. हें दप्तर कोणाचें?

कायद्याचें उत्तर दोन तोंडांचें आहे. चोविसाव्या कलमान्वयें आरोप सिद्ध झालेल्या मुलाचे कागद अपिलाची मुदत सरल्यावर नष्ट करावयाचे असतात. सोळा वर्षांवरील मुलाच्या घोर गुन्ह्यांचा अपवाद आहे. चौऱ्याहत्तराव्या कलमान्वयें मुलाची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करणें हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही आहेत. उलट दत्तक गेलेलें मूल मोठें झाल्यावर आपलें मूळ शोधूं पाहील तर संस्थांनीं त्यास मदत करावी असे दत्तकाचे नियम सांगतात. आईनें स्वाधीन करतांना नांव गुप्त ठेवण्यास सांगितलें असल्यास तिची संमति लागते. म्हणजे एक कागद जाळणें हें कर्तव्य आणि दुसरा जपणें हें कर्तव्य, आणि दोन्ही बहुधा एकाच कपाटांत.

आपल्या मंडळींपैकीं कित्येकांस कागद जाळण्याची कल्पनाच सोसत नाहीं. इतिहासाचें साधन जळतें, असें ते म्हणतील. आमचें उत्तर असें कीं, पेशवे दप्तरांतील कागदांचे विषय मेलेले आहेत. ह्या दप्तरांतील पुष्कळसे विषय जिवंत आहेत, एखादा दादरला दुकान चालवीत असेल, एखादी शाळेंत शिकवीत असेल. तेराव्या वर्षीं केलेल्या चोरीचा कागद पन्नासाव्या वर्षीं एखाद्या हौशी संग्राहकाच्या संग्रहांतून छापून निघावा, ह्यांत इतिहासाची सेवा कोणती? तो कागद जावा हेंच बरें. संख्या, काळ, शिक्षा, संस्था, एवढें नांवें गाळून टिपून ठेवलें तर इतिहासाचें फारसें अडत नाहीं.

सांपडलेल्या मुलाचा कागद मात्र जळतां कामा नये, आणि आज तो जळण्यापेक्षां वाळवीनें व रद्दीनें जाण्याचें भय अधिक आहे. संस्था मोडते, इमारत विकली जाते, विश्वस्त बदलतात, आणि बुकें वजनावर जातात. मूळ शोधण्याचा हक्क कायद्यानें दिला खरा, पण बुक गेलें कीं हक्क कोणाजवळ मागावयाचा? भरतीच्या दिवशीं मुलाच्या अंगावर कोणतें वस्त्र होतें, गळ्यांत काय होतें, परळच्या कोणत्या रुग्णालयांतून किंवा कोणत्या ठाण्यांतून तें आलें, एवढी एक ओळ हीच कित्येकांची सारी वंशावळ आहे. आईनें गुप्तता मागितली असेल तर? तिचा शब्द पाळलाच पाहिजे. पण उघड न करणें निराळें आणि नाहींसें करणें निराळें. कागद राहिला तर पुढें तिचें मन बदलल्यास वाट उरते. घराण्यांच्या वंशावळींसाठीं आपण गांवोगांव हिंडतों, आणि ज्यांची वंशावळ एका ओळीची आहे त्यांची ती ओळ वांचवावी असें आपणांस आजवर सुचलें नाहीं.

म्हणून मंडळाच्या सभासदांपुढें आम्ही पुढील गोष्टी ठेवतों. अनाथालयाचें, बालगृहाचें वा प्रसूतिगृहाचें बुक रद्दींत दिसलें तर तें सोडवून आणावें, पण आपल्या संग्रहांत दाखल करूं नये. त्यांतील नांवें कोणत्याही कारणानें उतरून घेऊं नयेत. पानांचीं छायाचित्रें काढूं नयेत. संस्था चालू असेल तर पोंच घेऊन तिच्या स्वाधीन करावें. मोडली असेल तर जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षास लेखी कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणें तें सोंपवावें. शंभर वर्षांहून जुनीं बुकें मुंबईच्या पुराभिलेखागारांत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत, द्यावींत. तेथें १८२१ पासूनचें दप्तर सांभाळण्याची व्यवस्था आहे. त्रैमासिकांत असल्या कोणत्याही बुकाचा उतारा छापावयाचा तर तो ह्या वयोमर्यादेच्या पलीकडचा असावा, व तेव्हांही वंशज हयात असण्याचा संभव धरून नांवें गाळावींत. आणि एखादी व्यक्ति आपली ओळ शोधीत मंडळाच्या दारीं आली, तर तिला कागद परस्पर दाखवूं नये. तो कोठें सोंपविला त्याची पोंच दाखवावी व तेथपर्यंत कोणी तरी बरोबर जावें.